मैलामागे

विम्याच्या बाईने फोनवर तीनदा विचारलं,
गाडी रात्री कुठे असते?
म्हटलं, आमच्याहून बऱ्या जागी.
गराजला नवा दरवाजा, दोन कुलपं, कोरडी फरशी.
आमच्या बेडरूमची खिडकी
दोन हजार नऊपासून नीट लागत नाही.

केटरिंग. पूर्वी इथे बूट शिवायचे,
आता गोदामं.
ताशी वीस मैलांची पाटी,
आणि दर चाळीस पावलांवर रस्त्याला आलेलं टेंगूळ.
अशा गावात, निवृत्तीची रक्कम हाती आली त्या आठवड्यात,
दिगंबरने ही आणली.
जमिनीपासून चार बोटं वर,
वांग्याच्या देठाखाली असतो तसा रंग.
बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग पडायचं,
मग पाय आत ओढून घ्यायचे.

मी काउन्सिलच्या पगारखात्यात सव्वीस वर्षं काढली.
वही उघडली.

विमा, दोन हजार तीनशे.
रोड टॅक्स, सातशे साठ.
मागचे दोन टायर, सातशे ऐंशी,
तेही चार हजार मैलांत टकले होणार.
क्लचला आयुष्य असतं, रॉथवेलचा ग्विन म्हणाला,
आणि ते चालवणाऱ्याच्या डाव्या पायावर लिहिलेलं असतं.
मी दिगंबरचा डावा पाय बघितला.
त्याला गाऊट आहे.

मग पट्टा.
रबराचा साधा पट्टा, एकशे दहा पौंड,
पण तो बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवायचं:
मजुरी तीन हजार चारशे.
चार आण्याची कोंबडी,
आणि मसाला वाटायला इटलीत शिकलेला माणूस.
हत्ती परवडला.
हत्तीला एमओटी लागत नाही.

पेट्रोल, एकशे अठ्ठावन्न.
सगळ्यात स्वस्त तेच निघालं.

घसारा धरू नकोस, दिगंबर म्हणाला.
घसारा न धरता हिशेब कसा होईल?
आपण दोघंही घसाऱ्यातच आहोत की.
पण नाही धरला.
वर्षाचे मैल तीनशे बारा.
मैलामागे चोवीस पौंड, वर सहा पेन्स.

टेस्कोला जाऊन येऊन चार मैल.
घरी आल्यावर कळलं, कोथिंबीर राहिली.
तो किल्ली घेऊन उठलासुद्धा.
मी म्हटलं, बस खाली.
शहाण्णव पौंडांची कोथिंबीर
कुठल्या आमटीवर घालू?

मार्चमधल्या एका रविवारी, पहाटे पावणेसहाला,
त्याने मला उठवलं.
रॉकिंगहॅमच्या चढापर्यंत कोणीच बोललं नाही.
चौतीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
दुसऱ्यांच्या यंत्रांना कान लावून बसलेला हा माणूस.
कुठलं बेअरिंग आठवड्याभरात जाईल
ते जेवताना सांगायचा,
आणि मी म्हणायची, भात गार होतोय.

चढाच्या पायथ्याशी त्याने काचा खाली केल्या,
गिअर दोन खाली,
आणि पाठीमागे जे काही उठलं
ते मला आधी मणक्यात ऐकू आलं.
माझ्या तोंडून शिवी गेली.
चांगली, गावाकडची, तीन पदरी.
कॉलेजात असताना ऐकलेली,
कधी न वापरलेली.
तो इतका हसला, इतका,
की अपिंगहॅमचं वळण गेलं.

सहा मैल जादा.
वहीत लिहिलं, एकशे चव्वेचाळीस, रस्ता चुकला.
पुढे शेऱ्याच्या रकान्यात
सवयीने लिहिलं, मंजूर.

ऑक्टोबरपासून ती पांघरुणाखाली आहे.
दिगंबर घोरतो.
रात्री पाणी प्यायला उठले की
मी गराजचं दार जरा लोटून बघते.
बॅटरीच्या चार्जरचा दिवा हिरवा.
महिन्याला पासष्ट पेन्स.
हा खर्च
मी त्याच्या नावावर टाकत नाही.